विक्षिप्त रचनेच्या जुन्या मोटारींचे रिस्टोरेशन: इंदूरमधील मालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जगावेगळ्या मोटारींचे प्रेम इंदूरला नवीन नाही. माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून आधुनिक शैलीत घडवून घेणारे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर असलेली एसजे गाडी मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांची बॉडी चढवून घेतली. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि सुमारे ६.९ लिटरचे इंजिन अशी ती गाडी होती. ती शहराबाहेर गेल्याला फार काळ लोटला. मात्र रामबागेतल्या किंवा तिलकनगरातल्या एखाद्या जुन्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची लँचेस्टर, मॉरिस किंवा स्टँडर्ड हेराल्ड उभी असेल, तर पुढील मजकूर त्या घरातल्या माणसांसाठी आहे.

माझ्या मते अशा गाडीचे सर्वाधिक नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या सुधारणेमुळे होते. गंजलेला पत्रा बदलता येतो आणि कुजलेले लाकूड पुन्हा घडवता येते, परंतु "हे असले आता कुठे चालते?" असे म्हणून मिस्त्रीने काढून टाकलेला मूळ गिअरबॉक्स एकदा भंगारात गेला की परत मिळत नाही. दुर्मीळ गाडीचे सारे मोल तिच्या विक्षिप्तपणात असते. म्हणून कारखान्याने दिलेला विक्षिप्तपणा कोणता आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी आलेला कोणता, हे ठरवणे हे रिस्टोरेशनचे, म्हणजे गाडी मूळ रूपात आणण्याचे, पहिले काम आहे.

कागदपत्रे आणि ओळख

गाडीला हात लावण्यापूर्वी चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक शोधावेत. अनेक इंग्रजी गाड्यांत इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीवर पितळी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी असते, तर चॅसीच्या लोखंडावर ठोकलेला क्रमांक ग्रीस आणि रंगाच्या थरांखाली दडलेला असतो. तिथे वायर ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात चालवू नये. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके, लाकडी पट्टी आणि धीर एवढ्यावर काम होते. क्रमांकाचे छायाचित्र तिरप्या उजेडात घ्यावे, म्हणजे झिजलेले अंकही वाचता येतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना विंटेज म्हणून नोंदणी मिळते. अर्ज नमुना २० मध्ये करावा लागतो, आणि त्यासोबत विम्याची पॉलिसी, शुल्क, जुने नोंदणी प्रमाणपत्र आणि आयात केलेली गाडी असल्यास आयातीचा दाखला जोडावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. त्यानंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये लागतात. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती चालवण्याची मुभा आहे.

याच नियमातली एक अट या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी विंटेजच्या व्याख्येत बसत नाही. मूळ इंजिन काढून अँबॅसेडरचे किंवा एखाद्या जीपचे डिझेल इंजिन बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो ऐकणारा मालक गाडीचा आत्मा आणि तिची नोंदणी दोन्ही एकदमच गमावतो.

विक्षिप्तपणाची यादी

आता एक वही घ्यावी आणि गाडीत जे जे नेहमीपेक्षा वेगळे दिसेल ते लिहून काढावे. ही पायरी सर्वाधिक वेळ घेणारी आहे आणि घाईने उरकण्यासारखी मुळीच नाही. काही ठळक उदाहरणे देतो, कारण ओळख पटली नाही तर या गोष्टी बिघाड म्हणून काढून टाकल्या जातात.

पहिले उदाहरण स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिनाचे. चार्ल्स नाइट या अमेरिकन माणसाच्या या रचनेत नेहमीचे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये दोन नळ्या वरखाली सरकतात आणि त्यांना पाडलेल्या खिडक्यांतून वायू आत-बाहेर जातो. इंग्लंडची डेमलर, बेल्जियमची मिनर्व्हा आणि अमेरिकेची विलीज-नाइट या गाड्यांत हे इंजिन होते, आणि त्याच्या शांतपणामुळे त्या काळच्या श्रीमंतांना त्याचे मोठे आकर्षण होते. हे इंजिन जन्मतःच तेल खाते आणि मागे निळसर धूर सोडते. धूर पाहून "रिंगा गेल्या" असे निदान करणाऱ्याला ते उघडू देऊ नये. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि आकडे एकमेकांशी जुळत असतील तर धूर स्वीकारावा. असे इंजिन बरीच वर्षे बंद राहून अडकले असेल, तर हँडलला पाइप लावून जोर देणे घातक ठरते, कारण स्लीव्हच्या खालच्या टोकाचे बिडाचे कान तुटतात आणि तसा स्लीव्ह बाजारात मिळत नाही.

दुसरे उदाहरण प्रीसिलेक्टर गिअरबॉक्सचे. वॉल्टर विल्सन यांनी विकसित केलेला हा गिअरबॉक्स १९३०च्या दशकातल्या डेमलर, लँचेस्टर आणि आर्मस्ट्राँग सिडली गाड्यांत आढळतो. स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांड्याने पुढचा गिअर आधीच निवडायचा आणि तो प्रत्यक्षात हवा असेल तेव्हा डावे पेडल पूर्ण दाबून सोडायचे, अशी त्याची रीत आहे. ते पेडल क्लचचे नसते. डेमलर आणि लँचेस्टरमध्ये क्लचची जागा तेलाने भरलेल्या फ्लुइड फ्लायव्हीलने घेतलेली असते. पेडल अर्धवट दाबले तर आतली यंत्रणा बसत नाही आणि पेडल पायावर जोरात उसळते. नवख्या मेकॅनिकला हे बिघाडाचे लक्षण वाटते आणि तो गिअरबॉक्स बदलायला सुचवतो. आत गिअर बदलण्याचे काम ब्रेकसारखे पट्टे करतात, त्यामुळे या डब्यात आजकालचे ईपी (अतिदाबासाठीचे) गिअर ऑइल कधीही घालू नये, नाही तर पट्टे घसरतात. साधे एसएई ३० इंजिन ऑइल हे त्याचे नेहमीचे तेल आहे. इतर जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी बुश असतात, आणि जीएल-५ दर्जाच्या तेलातील गंधकयुक्त घटक पितळ खातात. तिथे जीएल-४ किंवा त्याहून साधे तेल वापरावे.

तिसरी बाब जिवावर बेतू शकते. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या कित्येक गाड्यांत अॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असतो. फोर्ड मॉडेल टी मध्ये तर पेट्रोल स्टिअरिंगखालच्या हाताच्या दांड्याने द्यायचे असते, डाव्या पेडलाने गिअर, मधल्याने उलटी चाल आणि उजव्याने ब्रेक लागतो. पेडलांची ही रचना बदलण्याचा मोह टाळावा. गाडी जागची हलवण्यापूर्वी शेडमध्ये सर्वांना ती समजावून सांगावी आणि डॅशबोर्डवर कागद चिकटवावा.

चौथी गोष्ट आट्यांची आहे. इंग्रजी गाड्यांत बहुधा व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे असतात आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. मॉरिसची कथा आणखी निराळी आहे. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच मेट्रिक आटे पाडत, आणि इंग्लंडातल्या मेकॅनिकांकडे मात्र व्हिटवर्थचे पाने होते. परिणामी पुढच्या कित्येक मॉरिस आणि एमजी इंजिनांत आटे मेट्रिक आणि नट-बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची राहिली. त्यातला ८ मिलिमीटरचा बोल्ट १ मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांतले अंतर) असतो, आणि दुकानात सहज मिळणारा १.२५ पिचचा. तो जबरदस्तीने पिळला की ब्लॉकमधले आटे कायमचे उडतात. थ्रेड गेजची, म्हणजे आटे मोजण्याच्या पानांची, छोटी जुडी स्वस्त असते, ती पहिल्याच दिवशी आणावी आणि बसत नसलेल्या बोल्टावर टॅप फिरवू देऊ नये.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली हेराल्ड तुलनेने साधी आहे, तरी तिच्याबाबतही हा विचार लागू पडतो. जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी आखलेल्या या गाडीचे संपूर्ण बॉनेट मडगार्डांसह पुढे उलगडते, आणि चॅसी स्वतंत्र असल्याने बॉडी तुकड्या-तुकड्यांत उतरवता येते. इंजिन आणि सस्पेन्शनचे भाग ब्रिटनमध्ये आजही नव्याने बनतात. परंतु चार दारांची मार्क थ्री केवळ भारतात निघाली, म्हणून तिची दारे, मागच्या काचा आणि त्यांची रबरे परदेशातून मागवता येत नाहीत. अशा गाडीत आधी दारे वाचवावीत, इंजिन मागाहून पाहिले तरी चालते.

उघडताना

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी, काढताना आणि काढल्यावर छायाचित्र घ्यावे. वॉशर कोणत्या बाजूला होता, शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) किती होते, वायर कोणत्या क्लिपखालून जात होती, हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही. नट-बोल्ट काढलेल्या जागीच दोन फेरे परत लावून ठेवावेत. ते शक्य नसेल तर कापडी पिशवीत ठेवून पिशवीला पत्र्याचा बिल्ला बांधावा, कारण प्लास्टिकवरची शाई तेलाने पुसली जाते. जुना, तुटका किंवा निरुपयोगी वाटणारा भाग काम पूर्ण होईपर्यंत भंगारात द्यायचा नाही, हा नियम सुरुवातीलाच मिस्त्रीला सांगून टाकावा.

अडकलेल्या साध्या इंजिनासाठी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून थोडे थोडे ओतावे आणि काही दिवस रोज थोडी भर घालत राहावे. जवळ आग किंवा वेल्डिंग नको. मग गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये ठेवून मागचे चाक उचलावे आणि ते हाताने पुढे-मागे किंचित हलवून पाहावे. दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन सोडवण्याचा प्रकार पूर्णपणे वर्ज्य समजावा, कारण त्यात कनेक्टिंग रॉड वाकतात. इंजिन फिरू लागले तरी ते सुरू करू नये. आधी ऑइल चेंबर उतरवून तळाचा चिखल काढावा आणि बेअरिंग तपासावीत.

त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत बेअरिंगचे सुटे कवच नसते. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा पांढरा मिश्रधातू थेट रॉडमध्ये ओतून तो नंतर मापाने कापलेला असतो. त्याला तडे असतील, तुकडे सुटत असतील किंवा नखाने टोचल्यावर पापुद्रा निघत असेल, तर नव्याने ओतून घ्यावा लागतो. हे काम करणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या शहरात इंजिन पाठवावे लागले तरी हरकत नाही. अंतराचा ढोबळ नियम असा की क्रँकच्या प्रत्येक इंच व्यासामागे सुमारे एक हजारांश इंच मोकळीक असावी.

न मिळणारे भाग बनवणे

सांवेर रोडच्या औद्योगिक भागातल्या छोट्या लेथ वर्कशॉपपासून पीथमपूरच्या मोठ्या कारखान्यांपर्यंत यंत्रकामाची परंपरा असलेले शहर आपल्या पाठीशी आहे, हा इंदूरच्या मालकाचा फार मोठा फायदा आहे. वॉटर पंपाचा शाफ्ट, किंग पिन, बुश, गिअरचे दात ही कामे इथे उत्तम होऊ शकतात. अट एवढीच की नुसता झिजलेला नमुना हातात देऊन "असाच बनवा" म्हणू नये. झिजलेल्या भागावरून झिजलेलाच भाग बनतो. न झिजलेल्या कडेवरून मूळ माप काढावे, कागदावर आकृती करावी आणि पोलाद कोणत्या दर्जाचे हवे ते लिहून द्यावे.

ओतीव भागांत आणखी एक खुबी आहे. जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर थंड होताना धातू आकसल्यामुळे नवा भाग लहान होतो. बीड साधारण एक टक्का आणि अॅल्युमिनियम त्याहून थोडे अधिक आकसते. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करून घ्यावा आणि जिथे यंत्रकाम होणार आहे तिथे जादा जाडी ठेवावी. नव्याने घडवलेल्या प्रत्येक भागावर, सहज दिसणार नाही अशा जागी, सालाचा छोटा ठसा मारावा. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिव्हाच्या, तुरीन सनदेचा आग्रहही मूळ आणि नवे यांतला फरक पुढच्या माणसाला ओळखता यावा असाच आहे.

बॉडी, लाकूड आणि रंग

१९४०पूर्वीच्या बऱ्याच बॉडी अॅश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेल्या असतात. दार बंद करताना ते उचलावे लागत असेल, तर आतला खांब कुजला आहे असे समजावे. आपल्याकडे सागवान वापरण्याची प्रथा आहे आणि वाळवीच्या दृष्टीने ती योग्यही आहे. मात्र सागात नैसर्गिक तेल असल्याने गोंद धरत नाही, त्यामुळे चिकटवण्याआधी सांध्याचा पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून लगेच जोडावा. संपूर्ण सांगाडा बदलण्यापेक्षा कुजलेला तुकडा कापून तिरका सांधा देणे नेहमीच श्रेयस्कर असते. लाकडी आऱ्यांची चाके मालव्याच्या उन्हाळ्यात सुकून कुरकुरू लागतात. ती पाण्यात भिजवून फुगवण्याचा उपाय क्षणिक असतो आणि लाकूड कुजवतो, त्यामुळे सैल आरा सुताराकडून बदलूनच घ्यावा.

मूळ रंग शोधण्यासाठी डॅशबोर्डखाली, दाराच्या अस्तरामागे आणि नंबर प्लेटखाली पाहावे. तिथे बारीक ओल्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हळूहळू घासली की एकात एक वर्तुळे उमटतात आणि प्रत्येक थर दिसतो. जुन्या रंगात आणि सांध्यांच्या भरणीत शिसे असते, म्हणून कोरडे घासणे टाळावे. मूळचा नायट्रोसेल्युलोज रंग हवेत ओलावा असताना मारला तर तो पांढुरका पडतो, त्यामुळे इंदूरमध्ये हे काम पावसाळ्यात घेऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा खरा काळ आहे. हार्डनर मिसळलेला आधुनिक टू-के रंग टिकाऊ असतो, पण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना गंभीर इजा करते. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसलेल्या ठिकाणी तो मारून घेऊ नये.

चकाकीविषयी एकच सांगतो. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मोटारींना निकेलचा मुलामा असे, क्रोमचा नसे. १९२४च्या गाडीवर निळसर चमकणारे क्रोम जाणकाराला लगेच खटकते. निकेलची झाक किंचित पिवळसर आणि फार सुंदर असते.

वीज, ब्रेक, इंधन, टायर

जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची धन बाजू बहुधा चॅसीला जोडलेली असते आणि विद्युतदाब अनेकदा ६ व्होल्ट असतो. बॅटरी लावण्यापूर्वी ही खात्री करावी. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या तुलनेत तेवढ्याच दिव्यासाठी दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून वायर जाड हवी. दिवे मंद लागतात अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक गाड्यांत पूर्वी कोणीतरी बारीक वायर टाकलेली असते. लुकासच्या रंगखुणा पाळाव्यात: बॅटरीची मुख्य वायर तपकिरी, इग्निशनची पांढरी, त्यानंतर फ्यूजमधून जाणारी हिरवी, हेडलाइटची निळी, साइड लाइटची लाल आणि अर्थची काळी.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने हवा मारण्याची सवय कडकपणे थांबवावी आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावी. हायड्रॉलिक ब्रेक असल्यास सर्व रबरे आणि नळ्या नव्या बसवाव्यात, याला अपवाद नाही. रॉड किंवा केबलचे ब्रेक पुरेसे चांगले असतात, मात्र प्रत्येक सांध्यातली झीज भरून काढावी लागते.

इंधनाचा प्रश्न मात्र आपल्या काळाचा आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्बोरेटरमधले आणि टाकीतले बुचाचे फ्लोट लाखेने लेपलेले असतात आणि लाख इथेनॉलमध्ये विरघळते. मग फ्लोट पेट्रोल पिऊन बुडतो, कार्बोरेटर ओसंडतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडते. बुचाच्या जागी पितळी फ्लोट किंवा इथेनॉल सोसणारा लेप, व्हायटॉन रबराच्या नळ्या आणि नवी गास्केट हे खर्च टाळता येण्यासारखे नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेते, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

बैलगाडीसाठी बनणारे १९ इंची टायर काही जुन्या रिमांवर बसतात आणि स्वस्तात मिळतात. उभ्या गाडीसाठी ते चालतील, पण मोटारीच्या वेगासाठी ते बनवलेले नसतात. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला योग्य दर्जाचे क्रॉस-प्लाय (आडव्यातिडव्या धाग्यांच्या थरांचे जुन्या पद्धतीचे) टायरच घालावेत आणि एकाच अॅक्सलवर क्रॉस-प्लाय व रेडियल मिसळू नयेत.

पहिल्या फेऱ्या

इंजिन प्रथम प्लग न लावता हँडलने फिरवून ऑइलचा दाब आल्याची खात्री करावी. सुरू झाल्यावर नजर दाबाच्या काट्यावर आणि हात स्विचवर असावा. पहिली फेरी अंगणात किंवा बंद आवारात, दुसरी सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर आणि सोबत अग्निशामक सिलिंडर घेऊनच करावी. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सिलिंडर हेडचे नट, स्प्रिंग पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि स्टिअरिंगचे सांधे पुन्हा तपासावेत. ५०० किलोमीटरला ऑइल बदलून ते स्वच्छ ताटात गाळून पाहावे. पांढऱ्या धातूचे चमकते कण दिसले तर गाडी तिथेच थांबवावी.

शेवटी गाडीची फाइल तयार करावी. तिच्यात छायाचित्रे, मापांच्या आकृत्या, बनवून घेतलेल्या भागांची आणि कारागिरांची यादी, तेलांचे प्रकार आणि गाडी सुरू करण्याची व गिअर टाकण्याची कृती मराठीत व हिंदीत लिहून ठेवावी, म्हणजे घरातल्या पुढच्या पिढीला आणि तिच्या मेकॅनिकला तीच माहिती पुन्हा शून्यापासून शोधावी लागणार नाही. या फाइलची एक प्रत गाडीत आणि एक घरात ठेवावी.